लाकडाची भिंगरी

देवळाली प्रवरा
संक्रांतीचा आदला दिवस, १९७३

पेटी पाठवलीस आणि किल्ली पाठवली नाहीस. याला काय म्हणावं? दुष्काळी छावणीतल्या जनावरांसाठी उसाचं वाढं भरायला ट्रक इकडं येत होता, त्यात टाकून मोकळी झालीस. चिठ्ठी नाही, निरोप नाही. ड्रायव्हर म्हणतो, "म्हातारे, सावेडीच्या बाईनं दिलीया, घे उतरून." दोन माणसं लागली उतरायला. मला वाटलं, इतक्या वर्षांनी नणंदेला पाझर फुटला, तांब्यापितळेची भांडी धाडली. कानिफनं पहारीनं कडी उचकटली तर आत लाकडं.

मालन, तुला आशीर्वाद. आधी राग होता म्हणून मागे राहिला.

लाकडं म्हणजे सरपण नव्हे. सागवानी, गुळगुळीत, लाल रंग दिलेली, टोकं तेवढी काळी. पण धड वस्तू एक नाही. एक लोटा आहे, तो उभा चिरलेला, आणि आत पोकळ नाही, ठोकळाच. एक परातीएवढं चाक. एक गोगलगाय, तीही अर्धी, पोट सपाट आणि पोटाला दोन भोकं. तिच्यासारखीच दुसरी, पण उलट्या अंगाची, तिच्या पोटाला दोन खुंट्या. एक भिंगरी, बशीपेक्षा मोठी, वाकड्या पानांची. ती मात्र सबंध. तुझ्या भावानं घरात कधी खुंटी ठोकून दिली नाही, आणि हे असलं कोरत बसला होता वाटतं.

शेजारची भामाबाई बघायला आली ती उंबऱ्याबाहेरच थांबली. म्हणाली, "गोजरे, लाल-काळं, आन् अर्धं अर्धं. ही करनी हाय. नदीला सोड."

मी म्हटलं, "नदीला पानी असतं तर आदी पिलं असतं."

रंभाजी सुतार म्हणतो, देवाच्या रथाचे सुटे भाग असतील. देव कुठला ते त्याला सांगता येईना. मी तूर्त चाक रांजणावर झाकलंय, लोटा उंदराच्या बिळात ठोकलाय, गोगलगाईंवर कोंबड्या बसतात.

इकडचं सांगते. विहिरीत पाणी आहे, पण वर येत नाही. तळ गाठला तेव्हा पंपानं रेतीबरोबर खडा ओढला आणि त्याच्या पोटातला लोखंडी पंखा फुटला. तुझा भाऊ होता त्या फाउंड्रीचाच पंप तो. ती बंद पडून जमाना झाला, तसला पंखा आता कुठं मिळत नाही. नवा पंप मागावा तर म्हणतात नाव नोंदवा आणि घरी बसा. मोट धरावी तर बैल छावणीत. मोसंबीची झाडं पानं मिटून उभी आहेत. सून चांगुणा घागरीनं दोर ओढून एकेका बुडाशी पाणी घालते. रोपं असताना तिनंच लावली ती. कानिफ म्हणतो, "पाडव्यापतोर बघतो. मग बाग तोडायची, लाकूड इकायचं आन् खडी फोडायला जायाचं." तो हे म्हणाला तेव्हा चांगुणा घागर घेऊन गेली.

तेव्हा ही लाकडं काय आहेत ते कळव. नाहीतर चुलीला लागतील.

गोजरबाई


सावेडी, नगर
२४ जानेवारी १९७३

ती. वहिनींस,
मालनचा शिरसाष्टांग नमस्कार.

किल्ली कधी नव्हतीच. दादानं फाउंड्री बंद झाली त्या आठवड्यात पेटी हातगाडीवरून आमच्याकडे आणली, ती कुलूप लावूनच. किल्ली कुठे विचारलं तर म्हणाला, "उघडायचीय कोणाला?" पुढच्या वर्षी तो गेला. तुम्ही आलात, तेराव्यापर्यंत राहिलात, पेटीवरच बसून होतात. आठवतं? मग तिच्यावर गाद्यांचा ढीग राहिला, आणि आता या नव्या बंगल्यात सूनबाईंना ती नको झाली. चिठ्ठी लिहायला हवी होती, चुकलं. पण ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. तुम्ही लिहिलंत ते वाचून मात्र मन कुठल्या कुठे गेलं. मी परकरी असताना सुट्टीत नगरला यायचे तेव्हा दादाचा डबा घेऊन फाउंड्रीत जायचे. आत काळी वाळू, पायाला गार लागायची. वरून कौलातून उन्हाचे खांब खाली यायचे आणि त्या खांबांत धूळ तरंगायची. एका कोपऱ्यात दादाचं लाकडाचं काम. तिथं भुश्शाच्या ढिगावर तो दुपारचा आडवा झालेला असायचा आणि भोवती असलेच लाल लाल आकार भिंतीला टेकून. मला वाटायचं, तेही जेवून झोपलेत. मी पाय न वाजवता डबा ठेवून परत यायचे. त्या वस्तूंचं काय करतात ते मी कधी विचारलं नाही. लहानपणी किती गोष्टी आपण बघतो आणि विचारत नाही.

वहिनी, जाळू नका. त्या कागदावर ठेवून कोळशानं कडेकडेनं गिरवा आणि पाठवा. इथे कोणीतरी ओळखेल.

बागेचं वाचून जेवण गेलं नाही. कानिफला म्हणावं, घाई करू नको.

आपली,
मालन


देवळाली प्रवरा
रथसप्तमी होऊन गेल्यावर

तुला जेवण गेलं नाही, म्हणजे उपाशी राहून इकडं पाणी येणार होतं का? जेवत जा.

मालन, आशीर्वाद. गिरवून पाठवते आहे. कागद वेडावाकडा आहे कारण कोंबडी मधून चालली. पण आता ओळखायचं काही उरलं नाही. मीच ओळखलं.

परवा दुपारची बागेत पडले होते. सावली कसली, पानं मिटलेली म्हणून जाळीसारखं ऊन अंगावर. जनावरं छावणीत गेल्यापासून घंटा नाही, हंबरणं नाही. दुपार इतकी मुकी होते की आपलाच कान वाजतो. डोळा लागला. तुझा भाऊ आला. झाडांमधून चालला होता, हातात पट्टी. एकेका खोडाला पट्टी लावायचा, मान हलवायचा, पुढं जायचा. मी म्हटलं, "जेवलात का?" काही नाही. मोजतोच आहे. जिवंतपणी तरी कुठं उत्तर द्यायचा. झाडं संपली तशी हवेलाच पट्टी लावत विहिरीकडं गेला, आणि काठावरून पायऱ्या असल्यासारखा खाली उतरला.

मी उठले. राग आला, की माणूस मेल्यावरही विहिरीत पडायला निघालाय. त्याच तिरीमिरीत काठावर गेले. तिथं पंप उघडा पडलेला, नट काढून ठेवलेले. आणि मालन, ऊन वितळल्यासारखं हलत होतं त्यात ते पंपाचं लोखंडी धूड मला हललेलं दिसलं. गोगलगाय! मागं फुगीर, फिरत फिरत गेलेली, आणि तोंड वर. घरी आले, कोंबड्या हाकलल्या, दोन्ही अर्ध्या उचलल्या, खुंट्या भोकांत बसवल्या. सबंध झाली. डोक्यावर घेऊन विहिरीवर गेले आणि पंपाशेजारी ठेवली. जुळ्या बहिणी. भिंगरी म्हणजे तो फुटलेला पंखाच. पान न् पान तसंच वाकडं. लोटा आणि चाकही त्या पंपाचंच असणार.

कानिफ बघून म्हणाला, "आये, बानं लाकडाचा पंप केला व्हय?"

मी म्हटलं, "एक फुटला तर दुसरा असावा म्हणून केला आसंल. तुज्यासारका कुऱ्हाड घिऊन न्हाई बसला."

पण तुझ्या भावाची खोड गेली नाही. भिंगरी पंपात बसत नाही. सगळीकडून जराशी मोठी. एवढा मोठा मिस्त्री म्हणवून घ्यायचा आणि माप चुकला. असो, उद्या रंभाजी येणार आहे रंधा घेऊन. जेवढी जास्त आहे तेवढी काढून टाकेल. मग लाकडाची तर लाकडाची, बसवून बघू.

गोजरबाई


सावेडी, नगर
१७ फेब्रुवारी १९७३

ती. वहिनींस,
नमस्कार. घाईत लिहिते. भिंगरीला रंधा लावू देऊ नका! रंभाजी आला असेल तर परत पाठवा.

तुमचा कागद घेऊन मी गहिनीनाथ ओतारींकडे गेले होते. दादाबरोबर ते लोखंड ओतायला होते, आता स्टेशनकडच्या एका छोट्या फाउंड्रीत जातात. कागद त्यांनी उजेडाला धरला. मग कोळशाच्या रेघेवरून बोट फिरवत म्हणाले, "रखमाजी मिस्त्रीचं वळण. हे पान एवढं वाकवायचा ते तोच."

त्यांनी समजावलं ते असं. याला पॅटर्न म्हणतात. हा पंप नव्हे आणि बदली पंखाही नव्हे. पॅटर्न ओल्या वाळूत दाबतात, वाळू ठोकतात, मग पॅटर्न अलगद काढून घेतात. त्याच्या आकाराची पोकळी मागे राहते. त्या पोकळीत लोखंड ओततात. अर्धे असतात ते यासाठी, की वाळूच्या दोन पेट्यांत एकेक अर्धा भाग दाबायचा आणि पेट्या एकमेकींवर ठेवायच्या. काळी टोकं असतात तिथे आतल्या पोकळीसाठी वाळूची वेगळी वळकटी बसते.

आणि दादाचं माप चुकलेलं नाही. लोखंड निवताना आक्रसतं. तेवढं लाकूड मोठंच ठेवावं लागतं. शिवाय लेथवर घासायला थोडं अंग जास्त लागतं ते वेगळं. म्हणून पॅटर्न करणाऱ्याची पट्टीच निराळी असते, तिच्यावरचा इंच साध्या इंचापेक्षा किंचित लांब. गहिनीनाथ म्हणाले, "त्याला जग थोडं मोठंच दिसायचं. निवल्यावर बरोबर होईल म्हणायचा."

भिंगरी जशी आहे तशी पाठवा. ते पंखा ओतून देतील. बाग वाचेल, वहिनी. फक्त रंधा नको.

आपली,
मालन


देवळाली प्रवरा
शिवरात्रीच्या आत

तुझं पत्र पोचायच्या आधी रंधा फिरून गेला. पोस्टमन लग्नाला गेला होता तो चार गावची पत्रं पिशवीत घेऊनच. आता तू म्हणशील, वहिनीनं घाई केली. मी म्हणते, एका बाईनं लहानपणी एकदा तोंड उघडून "दादा, हे काय?" विचारलं असतं तर आज हे झालं नसतं.

मालन, आशीर्वाद.

रंभाजीनं काम चोख केलं, तोच घात. कडेनं घासली, पाठ घासली, पंपात हात लावताच बसली. माणसं जमली होती. इंजिन चालू केलं, पट्टा चढवला. पंपानं चूळभर पाणी टाकलं. चांगुणा पुढं झाली तर बंद. लाकूड पाण्यानं फुगलं आणि आत अडकलं. कानिफ हसला. मला ते हसणं आवडलं नाही. कोणी रडलं तर त्याला दोन शब्द ऐकवता येतात, असं हसणाऱ्याला काय बोलावं?

भिंगरी बाहेर काढून सावलीत वाळवली आहे. तडा गेलेला नाही. पण तुझ्या पत्राप्रमाणं ती आता निव्वळ पंपाच्या मापाची झाली, म्हणजे लोखंड ओतलं की त्याहून बारीक होणार आणि पंपात लुळी फिरणार. एवढं मला कळतं.

लाकूडवाला बाग बघून गेला. खोडावर नख मारून बघत होता, ओलं किती, सुकं किती. चांगुणा त्याच्या मागं मागं चालत होती आणि जिथं त्यानं नख मारलं तिथं बोटानं माती लावत होती. 

गहिनीनाथाला विचार, काय करायचं.

गोजरबाई


सावेडी, नगर
२ मार्च १९७३

ती. वहिनींस,
नमस्कार. मी गहिनीनाथांना सांगितलं. ते रागावले नाहीत, याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "नवा पॅटर्न करणारा तसला हात आता नगरात न्हाई. जुनाच भरून काढता आला तर बघा. पन भर अशी पायजे की वाळूत दाबल्यावर सुटली नाय पायजे आन् वलीनं फुगली नाय पायजे."

माप त्यांनी असं सांगितलं. फुटक्या लोखंडी पंख्याची रुंदी साध्या पट्टीनं घ्यायची. जो आकडा येईल तोच आकडा दादाच्या पट्टीवर शोधायचा. तेवढं लाकूड हवं, आणि वर लेथसाठी नखाच्या जाडीएवढं.

आणि दादाची पट्टी? वहिनी, ती माझ्याकडेच आहे. शिवणाच्या डब्यात. तो गेल्यापासून मी तिनंच कापड मोजते. माझी पोलकी सैल होतात म्हणून सूनबाई हसायची आणि मी म्हणायचे, माझा हातच मोठा. आता काय ते कळलं. राहुरीला जाणाऱ्या आबासाहेब मास्तरांबरोबर पट्टी पाठवली आहे, ते स्टँडवर कानिफला देतील.

भर कशाची घालायची ते मला सुचत नाही. मेण म्हणाल तर उन्हानं वितळेल. तुम्ही काही करू नका म्हणणार होते, पण ते लिहीत नाही.

आपली,
मालन


देवळाली प्रवरा
होळीच्या दुसऱ्या दिवशी

पट्टी मिळाली. पोलक्यांचं वाचून चांगुणा पुष्कळ दिवसांनी हसली, एवढा तुझा उपयोग झाला.

मालन, आशीर्वाद. भर घातली. कशाची ते सांगते, दचकू नको.

आपण टोपल्या कशानं लिंपतो? कागदाचा लगदा आणि मेथी. एकदा वाळला की त्यात पीठ भरा, दाणे भरा, टोपली झिजेल पण लगदा सुटत नाही. मी म्हटलं, टोपलीला चालतो तो भिंगरीला का चालू नये. मेथी भिजत घालून पाट्यावर वाटली. प्रश्न कागदाचा. या घरात कागद कुठला? सातबारा आहे, तो कुटता येत नाही. मग तुझी पत्रं होती. आत्ताचीच नव्हेत, सगळी. लग्नाची, बारशांची, तुझ्या भावाच्या आजारपणात पाठवलेली, ती निळी आंतरदेशीय. माझ्याजवळ पत्र्याच्या डब्यात होती. सगळी तांदूळ धुतलेल्या पाण्यात भिजवली, उखळात कुटली. शाई सुटली आणि लगदा आभाळाच्या रंगाचा झाला. आभाळ म्हणजे पूर्वी व्हायचं तसं, आता नुसतं पांढरं आहे.

वाईट वाटून घेऊ नको. त्यात काय लिहिलं होतं ते मला माहीत आहे.

पातळ हात देऊन वाळवायचा, मग दुसरा हात, असं करत गेले. कानिफ पट्टी धरायचा. आधी नको म्हणत होता. मी म्हटलं, "कुराड उचालतोस, पट्टी जड व्हती का रं?" रंधा पानांच्या बुडाशी पोचला नव्हता, तिथं जुना लाल रंग तसाच होता. तो जिथवर उंच तिथवर लगदा आणला, आणि पट्टी लावली तर दोन्ही जुळलं. तेव्हा कानिफनं पट्टी उलटीपालटी करून पाहिली. म्हणाला, "बाचा हात इथं धरत आसंल." पट्टीला एका जागी लाकूड झिजून खळगा झालाय, त्यात त्याचा अंगठा बसला. 

दुपारी वाळत घालून मी शेजारी बसायचे, कोंबड्या राखायला. निळी भिंगरी आणि वर पांढरं ऊन. डोळे मिटले की ती फिरायची. उघडले की थांबायची. किती वेळ असं चाललं असेल, मला वाटायला लागलं की मी बघते म्हणून ती थांबते. म्हातारपणी असलं होतं.

वर रंभाजीनं लाखेचा चपडा लावला, ओल शिरू नये म्हणून, आणि लाल रंग दिला. फुकट दिला. न देऊन सांगतो कुणाला.

भिंगरी घेऊन कानिफच येतोय. मुद्दाम त्यालाच पाठवते. बाग तोडणारानंच ती वाहून न्यावी. पाडवा जवळ आहे, गहिनीनाथाला आधीची कामं बाजूला ठेवायला सांग. आणि कानिफला घरी जेवू घाल, फाउंड्रीत भजी खाऊन राहील.

गोजरबाई


सावेडी, नगर
३० मार्च १९७३

ती. वहिनींस,
नमस्कार. हे पत्र कानिफच्या हाती देते आहे, पंख्याबरोबर.

पत्रांचं वाचून आधी थोडं लागलं, खरं सांगते. मग भिंगरी हातात घेतली. तिचं वजन बघितलं आणि राग राहिला नाही.

मी फाउंड्रीत गेले होते. बायका जात नाहीत तिथं, पण गहिनीनाथांनी दाराशी स्टूल दिलं. त्यांनी भिंगरी वाळूत दाबली, भोवतीनं ठोकलं आणि इतक्या हळू उचलली की झोपलेलं मूल उचलावं. लगद्याचा कण सुटला नाही. खाली वाळूत नुसती जागा राहिली, तिच्या आकाराची. सगळी पानं होती आणि काहीच नव्हतं.  मग ओतायच्या मोघ्यातून लोखंड आलं. वहिनी, ते लाल नसतं, पिवळंधमक असतं, दुपार ओतल्यासारखं. पोकळी भरली तेव्हा बाजूनं निळ्या जिभा उठल्या आणि विझल्या.

निवायला वेळ लागतो. कानिफ पेटीजवळच बसला होता. दुपार कलली. पत्र्यातून उन्हाचे तसेच खांब आले. बसल्या बसल्या भिंतीला टेकून तो झोपला, तोंड उघडं टाकून, अगदी दादासारखा. मी डबा घेऊन उभी होते आणि क्षणभर मला माझं वय कळेना. पाय न वाजवता डबा ठेवला.

पंखा लेथवर घासून झाला आहे. गहिनीनाथांनी त्याला बोटाची टिचकी मारून वाजवला, सूर बरोबर आहे म्हणाले. त्यांनी आणखी एक सांगितलं. फाउंड्री बंद होताना सगळे पॅटर्न भट्टीला घालायचे ठरले होते. दादानं तेवढे या एका पंपाचे बाजूला काढले, घरच्या विहिरीवर तो पंप होता ना. वहिनी, ते त्यानं तुमच्यासाठी राखून ठेवले.

देव करो आणि पाणी येवो.

आपली,
मालन


देवळाली प्रवरा
पाडव्यानंतर

कानिफला भजी खाऊ दिलीस. पोट धरून आला.

मालन, आशीर्वाद. पाडव्याच्या सकाळी पंखा बसवला. गुढी उभारायच्या आधी. आत जाताना जरा अडला, मग कानिफनं तेलाचं बोट फिरवलं आणि बसला. इंजिन चालू केलं. पंप खोकला, थुंकला, गाळ टाकला, आणि मग पाणी आलं. मनगटाएवढी धार. पाटात शिरलं तेव्हा पुढं वाळलेली पानं ढकलत चाललं होतं, मुंगळे पळत होते. मला आवाज ओळखूच येईना, इतके महिने ऐकला नव्हता. वाटलं, कुठंतरी माणसं कुजबुजत चालली आहेत.

चांगुणा पाटात पाय देऊन उभी राहिली. कानिफ ओरडला, "सरक की, पानी अडतंय."

ती म्हणाली, "अडू दे की वाईच. तुमी कुठं चालला खडी फोडायला?"

भरल्या पाटात उभं राहून नवऱ्याला असं बोलली. मी तिकडं पाठ केली.

विहिरीत जेवढं आहे तेवढंच पाणी आहे, तासभर उपसलं की थांबावं लागतं. कडेची झाडं गेली. ती कानिफनं तोडली, लाकूडवाल्याला तेवढीच दिली. आतल्या झाडांनी आठवडाभर काही केलं नाही. परवा पानं उलगडली. फार नाही, बोट घालता येईल एवढी. भामाबाई हंडा घेऊन आली होती. तिला भरून दिला आणि करणीचं पाणी आहे म्हणून सांगितलं. दोन खेपा नेल्या. राहुरीकडचा एकजण ऐकून आला, त्याच्याकडं तोच पंप आहे, तोही बंद. भिंगरी त्याला दिली आहे आणि तो गहिनीनाथाकडं येईल. परत आणून दिली नाही तर त्याच्या दारात जाऊन बसेन हेही त्याला सांगितलं आहे.

आता कामाचं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पाटाकडेला बसून वाचलं, तर अक्षरं पाण्यासारखी हलत होती, तरी वाचलं. तू लिहितेस, पॅटर्न भट्टीत घालायचे होते आणि त्यानं तेवढे बाजूला काढले. इथवर गहिनीनाथ बोलतोय, हे मला कळतं. "घरच्या विहिरीवर तो पंप होता ना" हे कोण बोललं? आणि "तुमच्यासाठी राखून ठेवले" हे तर तूच आहेस, तुझी सही दिसते मला त्यात. तू लहानपणापासून अशीच. भाकरी करपली तर खरपूस आहे म्हणायचीस, मला बरं वाटावं म्हणून.

मला बरं वाटायला नको आहे. मला खरं हवं. माणूस वीस वर्षं नगरला राहिला, सणाला यायचा, पाहुण्यासारखा जेवायचा, जायचा. माझ्याशी बोलला ते एका टोपलीत मावेल. हे पॅटर्न त्यानं दाराजवळ होते म्हणून उचलले असतील, किंवा हातून चांगले उतरले होते म्हणून. तसं असेल तर तसं. पाणी त्यानं काही कमी येणार नाही. पण या विहिरीचं नाव तो उचलताना बोलला होता का, तेवढं मला कळायला हवं. बोलला असेल तर काय शब्द बोलला. नसेल तर नाही.

गहिनीनाथाला लिहिता येत नसेल तर त्यानं सांगावं आणि त्याच्या फाउंड्रीतल्या कुणी परक्या माणसानं उतरून घ्यावं, त्याच्या अंगठ्यासकट. तू पेनाला हात लावायचा नाहीस. तिकीट मी आत घातलं आहे. उत्तर त्यानं द्यायचं.

गोजरबाई